कांचनगंगेच्या पायथ्याचा बंदोबस्त

हिमालयातील गिर्यारोहणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी शिखरावर खिळलेली असते, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही; ध्वज तेथे रोवला जातो, छायाचित्र तेथे निघते, आणि तार जाते तीही तेथे पाऊल पडल्याची. तथापि जुन्या मोहिमांची वृत्ते थोड्या सबुरीने वाचणाऱ्यास असे आढळून येते की, बर्फावर पहिली कुऱ्हाड पडण्यापूर्वीच यशापयशाचा निवाडा पुष्कळदा होऊन गेलेला असे. कोणत्या दरबारचा परवाना हाती आला, तांदूळ कोणत्या गावी किती साठविला, हमालांच्या पायांत बूट होते की नव्हते, आणि त्यांचा रोजमुरा कोणी व केव्हा चुकता केला, या गोष्टींवर तो अवलंबून असे. कांचनगंगेच्या बाबतीत ही कथा जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. एव्हरेस्ट दूर, डोंगरांच्या ओळींमागे दडलेले. कांचनगंगा मात्र दार्जिलिंगच्या चौरस्त्यावर सकाळी फेरफटका करावयास निघालेल्या कोणाही माणसाला, धुके नसले तर, समोर उभी दिसते. जे रोज दिसते तेथवर पोहोचणे किती दुर्घट असते, याचा धडा त्या शहराने शंभर वर्षे गिरविला.

नेपाळ व सिक्कीम यांच्या सीमेवरील हे ८,५८६ मीटर उंचीचे शिखर जगात तिसऱ्या क्रमांकाचे; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर तेच सर्वांत उंच मानले जात होते. दार्जिलिंगपासून त्याचे सरळ रेषेतील अंतर पाऊणशे किलोमीटरही भरत नाही, परंतु सरळ रेषेने पाखरू जाते, हमाल जात नाही. त्याच्या पायथ्याशी जाण्याच्या मुख्य वाटा तीन. एक पूर्वेकडून, सिक्कीममधील लाचेनच्या खोऱ्यातून झेमू हिमनदीवर जाणारी. दुसरी नैर्ऋत्येकडून, नेपाळातील यालुंग हिमनदीच्या कडेने चढणारी. आणि तिसरी वायव्येकडून, घुंसा व कांबाचेन ही वस्तीची शेवटची गावे मागे टाकून पांगपेमा नावाच्या ५,१४३ मीटर उंचीच्या उजाड कुरणावर पोहोचणारी. पहिल्या वाटेचे कुलूप सिक्कीमच्या दरबारापाशी होते, उरलेल्या दोहोंचे काठमांडूस. आणि दार्जिलिंगच्या इंग्रज अंमलदारांना आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या पर्वताच्या पायाशी जाण्यासाठी परक्या दरबारांचे उंबरठे झिजवावे लागत होते.

डॉ. जोसेफ डाल्टन हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ साली दार्जिलिंगास आला, तेव्हा सिक्कीमच्या राजाने ती टेकडी कंपनी सरकारास देऊन तेराच वर्षे झाली होती. तेथे डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल हा सुपरिंटेंडेंट होता, आणि नेपाळात दीर्घकाळ रेसिडेंट राहिलेला ब्रायन हॉजसन हा विद्वान निवृत्त होऊन तेथेच राहत होता. हूकरला हिमरेषेपर्यंत जावयाचे होते. सिक्कीमच्या दरबाराने आढेवेढे घेतले. जो नेपाळ युरोपियनांना आपल्या मुलखात पाऊल टाकू देत नसे, त्याच्या पंतप्रधान जंगबहादुराने मात्र अनुमती दिली, इतकेच नव्हे तर सोबतीला गुरखा शिपायांची तुकडी पाठविली. त्या तुकडीचे काम रक्षणाचे होते आणि पहाऱ्याचेही; पाहुणा कोठे जातो, काय मोजतो, याची खबर दरबाराला हवीच होती. राजकारणात औदार्य व सावधगिरी यांचा संसार असा एकत्र चालतो.

२७ ऑक्टोबर १८४८ रोजी हूकर निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात छप्पन्न माणसे होती, आणि त्या छप्पन्न जणांची वाटणी त्याने आपल्या प्रवासवृत्तात अशा चोखपणे नोंदविली आहे की, एखाद्या कारकुनाने लिहिलेला हजेरीपटच आपण वाचीत आहो असे वाटावे. तंबू, उपकरणे, अंथरूण, कपड्यांची पेटी, पुस्तके आणि कागद यांना प्रत्येकी एक माणूस. झाडपाला दाबून वाळविण्याचे कागद व इतर शास्त्रीय सरंजाम यांना सात. गुरखा शिपायांचे दोन हमाल निराळे. दुभाषा, हमालांचा सरदार आणि वनस्पती गोळा करणारा मुख्य लेपचा यांच्या दिमतीस एकेक. हॉजसनने दिलेले पक्षी टिपणारे व त्यांच्या कातड्यांत पेंढा भरणारे यांच्या दारूगोळ्यासाठी चार. झाडांवर चढण्यास व ओले कागद बदलण्यास तीन लेपचा पोरे. आणि सर्वांच्या शेवटी भूतानी हमाल चौदा, ज्यांच्या पाठीवर तांदूळ, तूप, तेल, मिरच्या, मीठ आणि पीठ एवढेच होते. म्हणजे तांड्यातील चौथा हिस्सा माणसे निव्वळ पोटाची तजवीज वाहत होती. आणि हूकरला प्रारंभापासून सतावले तेही याच चौदांनी. ज्याच्या पाठीवर धान्याची गोणी, त्याच्याच हाती तांड्याचा लगाम असतो, ही गोष्ट कोणत्याही मसलतीच्या कागदावर लिहिलेली नसते. वाटेत पाचव्या-सहाव्या मुक्कामाला ती आपोआप कळते.

तो प्रवास उत्तम झाला. तांबूरच्या खोऱ्याने वालुंगपर्यंत, तेथून यांगमा, पुढे खिंड ओलांडून कांबाचेन, आणि यालुंगवरून परत असा फेरा करून, वाटेत तीस्तेच्या काठी सिक्कीमच्या राजाची भेट घेऊन, हूकर जानेवारीत दार्जिलिंगास पोहोचला. पुढच्या वर्षी तो सिक्कीमच्या बाजूने निघाला, आणि तेथे मात्र त्याच्याशी लढाई न करता त्याला थोपविण्याची एक अतिशय हुशार रीत दरबाऱ्यांनी अवलंबिली. त्याला ‘जाऊ नका’ असे कोणी म्हणाले नाही. वाटा साफ झाल्या नाहीत, पुलांची डागडुजी झाली नाही, गावांतून धान्य विकत मिळेना, आणि सरहद्द कोठे आहे असे विचारले की सिंगतामचा सुभा व लाचेनचा पिपोन, म्हणजे गावचा मुखिया, ती प्रत्येक वेळी अलीकडेच दाखवीत. दार्जिलिंगाहून येणारी रसद पावसात व दरडींत अडकली. लाचेनच्या वरच्या मुक्कामांवर अन्नाची टंचाई होऊन हूकरची माणसे दिवसेंदिवस अर्धपोटी राहिली. तरीही तो हटला नाही. शेवटी तो आणि कॅम्पबेल दोघेही उत्तर सिक्कीमच्या पठारापर्यंत जाऊन आले. परंतु नोव्हेंबर १८४९ मध्ये दिवाण नामग्याल याच्या माणसांनी कॅम्पबेलला पकडले, त्याचे हाल केले, आणि हूकर त्याच्याबरोबर अडकून पडला. डिसेंबरात सुटका झाली. कंपनी सरकारने १८५० मध्ये सिक्कीमची तराई खालसा केली आणि दार्जिलिंगबद्दल राजाला मिळणारे सालीना सहा हजार रुपये बंद केले. एका शास्त्रज्ञाच्या प्रवासाच्या परवान्यावरून एका राज्याचा सुपीक प्रांत गेला. कंपनीला निमित्त हवेच असेल, हेही खरे; पण निमित्त म्हणून जे तिच्या हाती आले ते हिमालयाच्या पायथ्याची वाट हेच होते.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे, कारण पुढील साऱ्या मोहिमा त्या हिशेबाच्या भोवतीच फिरल्या. एक हमाल साठ पौंडांचे, म्हणजे आपल्या जुन्या मापाने तीस शेरांना किंचित कमी, ओझे उचलतो आणि दिवसाकाठी दोन पौंड धान्य खातो असे धरा. वाटेत गावे लागत आहेत तोवर चिंता नाही. गावे संपली की तो आपल्याच पाठीवरचे खाऊ लागतो. दहा दिवस चढणीचे आणि पाच दिवस मोकळ्या पाठीने उतरण्याचे धरले, तर त्याच्या ओझ्यातील निम्मा भाग त्याच्याच पोटात जातो. अर्थात शंभर ओझी पायथ्याशी पोहोचवावयाची तर दोनशे माणसे निघाली पाहिजेत, आणि त्या दोनशेंवर देखरेख करणारे मुकादम, स्वयंपाकी व डाकवाले निराळेच. आपल्याकडे मोगल आणि मराठे यांच्या फौजांमागून धान्य नेणारे वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांचे असत, आणि ते चालू शकत याचे कारण बैल वाटेवर चरत जातो, पाठीवरची गोणी तो खात नाही. हिमालयात त्या जागी याक आहे. पण याक दरीतील उष्ण जंगलांत टिकत नाही, आणि अरुंद कड्यावर व खचलेल्या हिमनदीच्या दगडधोंड्यांत भरवशाचा राहत नाही. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेला सरकारने फौजेची शंभर खेचरे दिली होती. मैदानी दाणावैरणीवर पोसलेली ती धष्टपुष्ट जनावरे सिक्कीमच्या पावसाळी चढणींवर थोड्याच मजलांत हतबल झाली, आणि त्यांना परत पाठवून तिबेटी खेचरे व हमाल गोळा करावे लागले. सरतेशेवटी सगळा भार माणसाच्या पाठीवरच येऊन पडत असे.

हूकरनंतर अर्धशतक कांचनगंगेच्या आसपास जे कोणी फिरले त्यांत सर्व्हे खात्याची हिंदी माणसे प्रमुख होती. शरच्चंद्र दास १८७९ मध्ये याच बाजूने तिबेटात गेले. रिंझिन नामग्याल या सर्वेक्षकाने १८८४ च्या सुमारास या पर्वताभोवतीच्या दऱ्या धुंडाळल्या; आणि १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्ड हा विख्यात गिर्यारोहक कांचनगंगेला प्रदक्षिणा घालावयास निघाला, तेव्हा वाटा दाखविण्याला त्याच्याबरोबर हाच रिंझिन होता. त्या मोहिमेत व्हित्तोरिओ सेल्ला हा इटालियन छायाचित्रकार होता आणि त्याने घेतलेली छायाचित्रे आजही पाहणाऱ्याचे मन खिळवून ठेवतात. फ्रेशफील्ड सप्टेंबरात निघाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, दार्जिलिंगात दरडी कोसळून हाहाकार माजला त्या वादळात, झेमू हिमनदीवर अडकला. पुढे सहा हजार मीटरांहून उंच अशी जोनसोंग खिंड ताज्या बर्फातून ओलांडून तो नेपाळात उतरला. नेपाळचा परवाना त्याच्यापाशी नव्हता. निर्जन खिंडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला अडविण्याला तेथे ठाणे नव्हते, एवढ्या एका सोयीवर ती प्रदक्षिणा पुरी झाली. फ्रेशफील्डच्या पुस्तकाची भाषा सुंदर आहे, आणि तिच्या सौंदर्यात ही बाब सहज लपून जाते.

१९०५ सालची मोहीम हिच्या नेमकी उलट. डॉ. जाको-गियार्मो या स्विस गृहस्थाने ती काढली आणि अलिस्टर क्रौली या विक्षिप्त इंग्रजाकडे नेतृत्व दिले. सामानाची व्यवस्था पाहण्याला दार्जिलिंगातील एका हॉटेलचा इटालियन व्यवस्थापक घेतला. ऐन ऑगस्टात, पाऊस मी म्हणत असता, ही मंडळी निघाली. क्रौलीने धान्य पुढे पाठवून ठेवण्याची दक्षता घेतली होती, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु माणसांना वागविण्याची त्याची रीत इतकी कठोर होती, आणि हमालांच्या पायांची व सुरक्षिततेची इतकी हेळसांड झाल्याचा आरोप सोबत्यांनीच त्याच्यावर केला, की यालुंगच्या उतारावर मोहीम दुभंगली. १ सप्टेंबर रोजी क्रौलीला सोडून खाली उतरणाऱ्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला. त्यात अलेक्सिस पाश हा तरुण स्विस अधिकारी व तीन हमाल गेले. हाका ऐकूनही क्रौली तंबूतून बाहेर आला नाही. पाशची कबर यालुंग हिमनदीच्या कडेला आहे आणि पन्नास वर्षांनी आलेल्या मोहिमेने तेथेच आपला तळ टाकला. त्या तीन हमालांच्या नावाने मात्र कोणत्याही मुक्कामाचे नाव पडले नाही.

हमाल हा शब्द मी वापरतो आहे खरा, पण येथून पुढे त्याच्या जागी एक जमात उभी राहते. एव्हरेस्टच्या दक्षिणेकडील सोलू-खुंबू भागातून शेर्पा लोक रस्ते, चहाचे मळे व बाजार यांच्या कामांसाठी दार्जिलिंगात येऊ लागले होते आणि तूंगसूंग बस्तीत त्यांची घरे वाढत होती. डॉ. अलेक्झांडर केलास या मितभाषी स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १९०७ पासून सिक्कीममध्ये एकामागून एक प्रवास केले, बहुधा दुसरा कोणी युरोपियन बरोबर न घेता, आणि उंचीवर टिकून राहण्यात व सोबत्याला न सोडण्यात शेर्पांना तोड नाही हे त्याने प्रथम ओळखले. विरळ हवेत शरीराचे काय होते याचाही त्याने शास्त्रीय अभ्यास केला होता. १९२१ च्या मोहिमेवर कांपा झोंगच्या वाटेत त्याचा मृत्यू झाला. परंतु माणसे निवडण्याचे त्याचे धोरण पुढील प्रत्येक मोहिमेने उचलले. मोहीम एव्हरेस्टची असो की कांचनगंगेची, भरती दार्जिलिंगातच होई. वसंत ऋतूत साहेब लोक हॉटेलात उतरले की बाहेर रांग लागे, आणि त्या रांगेतील प्रत्येकाच्या हातात पूर्वीच्या मालकांनी दिलेली चिठ्ठी असे.

या चिठ्ठ्यांचा कारभार व्यवस्थित करण्याचे श्रेय हिमालयन क्लबचे. १९२८ च्या फेब्रुवारीत दिल्लीत स्थापन झालेल्या या संस्थेने दार्जिलिंगात आपला मानद चिटणीस नेमला, शेर्पांची नोंदवही ठेवली, प्रत्येकाला त्याच्या कामाचा शेरा लिहिण्याचे पुस्तक दिले, रोजमुऱ्याचे दर ठरविले. त्या नोंदवह्यांत माणसाची किंमत दोन ओळींत होते: कष्टाळू, प्रामाणिक, उंचीवर उत्तम, दारूपासून दूर ठेवावा. वाचताना थोडी चीड येते आणि थोडे कौतुकही वाटते, कारण याच दोन ओळींच्या आधारे एखाद्या कुटुंबाचे वर्ष निघे. १९३५ मध्ये एरिक शिप्टन माणसे निवडीत असता एक तरुण शेर्पा असा आला की त्याच्यापाशी एकही शेरा नव्हता. शिप्टनने त्याचे हसणे पाहून त्याला घेतले. तो तेनझिंग. तेव्हा नोंदवहीचे महत्त्व मान्य करूनही, तिच्याबाहेर पाहणारा एखादा माणूस हवाच, असे म्हणावे लागते. १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर क्लबने उत्कृष्ट शेर्पांना ‘टायगर’ हे बिरूद व पितळी पदक देण्याचा प्रघात पाडला, आणि ते पदक छातीवर असणाऱ्याला अधिक मजुरी मिळू लागली. त्यापूर्वीच, १९३७ मध्ये, नंगा पर्वतावर एका रात्रीत सात जर्मनांसह नऊ शेर्पा गाडले गेले होते.

बंदोबस्ताच्या दृष्टीने सर्वांत शिकविणारी मोहीम मात्र १९३० ची. प्रा. ग्युंटर डिहरेनफुर्थ हा भूगर्भशास्त्रज्ञ जर्मन, इंग्रज, स्विस व ऑस्ट्रियन अशा नाना देशांच्या गिर्यारोहकांना घेऊन आला होता, आणि सगळी कोठी, म्हणजे खाण्यापिण्याचा पुरवठा व त्याचा हिशेब, त्याची पत्नी हेट्टी हिच्याकडे होती. अगदी अखेरच्या घटकेला नेपाळच्या महाराजांचा परवाना आला, त्यामुळे झेमूकडे जाण्याचा बेत सोडून पांगपेमाकडे जाण्याचे ठरले. बेत बदलला, पण बेताबरोबर बदलावयास हवी होती ती सामानाची मांडणी बदलण्याला वेळ उरला नव्हता. झेमूची वाट लाचेनपर्यंत डाक बंगल्यांची व खेचरांची. पांगपेमाची वाट सिक्कीममधील योकसुमहून झोंगरीवर चढून, सुमारे पाच हजार मीटर उंचीची कांग खिंड एप्रिलच्या बर्फातून ओलांडून, यालुंगच्या खोऱ्यात उतरून, पुन्हा एक कडा चढून घुंसात जाणारी. साडेतीनशे ते चारशे माणसे या वाटेला लागली. मोहिमेची वाहतूक पाहणारे कर्नल टोबिन यांनी ती टप्प्याटप्प्याने पाठविली. आणि कांग खिंडीच्या बर्फाशी येताच उमगले की बूट सगळ्यांना पुरत नाहीत. काही माणसे उघड्या पायांनी बर्फ तुडवीत गेली. काही ओझी टाकून घरी परतली. पुढे गेलेले साहेब घुंसात धान्याची वाट पाहत बसले, आणि घुंसाचे गावकरी नसते तर ती मोहीम पांगपेमाला पोहोचलीच नसती.

फ्रँक स्माइथ या मोहिमेत होता आणि त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. शिखरावरचे हल्ले त्यात आहेतच. परंतु मला त्यातील वाहतुकीची प्रकरणे अधिक खरी वाटतात, कारण त्यांत नायक कोणी नाही, फक्त उशीर आहे. ९ मे रोजी बर्फाची एक प्रचंड भिंत कोसळून चेट्टन हा अनुभवी शेर्पा मारला गेला आणि कांचनगंगेचा नाद सोडून ही मंडळी जोनसोंग शिखरावर गेली. त्याच काळात पाउल बावर याच्या म्यूनिककर तुकडीने १९२९ व १९३१ साली झेमूच्या बाजूने दोनदा प्रयत्न केले. ते शिस्तीचे लोक. त्यांची रसद नेटकी होती. पण तिथली सोंड अवघड आणि हवा लहरी; १९३१ मध्ये हेर्मान शालर व त्याचा शेर्पा पासांग कड्यावरून कोसळले. उत्तम बंदोबस्ताने शिखर मिळतेच असे नाही, हेही नोंदविणे प्राप्त आहे.

शिप्टन आणि त्याचा सोबती टिलमन यांना हा सारा तोफखाना मुळातच नापसंत होता. १९३४ मध्ये आंगथारके, पासांग व कुसांग या तीन शेर्पांना घेऊन ते ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अंतःपुरात शिरले, तेही सत्तू, तांदूळ व कणीक यांवर. त्यांचे म्हणणे असे की जी मोहीम पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर आखता येत नाही ती आखूच नये. हे वचन तरुणांना फार आवडते. ते खरेही आहे, पण ज्याच्या तैनातीला आंगथारके असेल त्याच्याच बाबतीत.

कांचनगंगेवर माणूस चढला तो १९५५ मध्ये, आणि त्या यशामागे आदल्या वर्षीची एक फारशी न गाजलेली पाहणी होती. जॉन केंप यांच्या लहानशा तुकडीने १९५४ मध्ये यालुंगची बाजू पाहून वाट असू शकेल असे कळविले. १९५५ च्या मोहिमेचे नेते चार्ल्स इव्हान्स हे व्यवसायाने शल्यविशारद. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत उपनेते होते. त्यांचा तांडा दार्जिलिंगाहून मोटारींनी मानेभंज्यांगपर्यंत गेला, सिंगालीलाच्या धारेने पुढे सरकला, आणि सरदार दावा तेनझिंग याच्या हाताखाली तीनशेंहून अधिक हमालांनी ओझी यालुंगच्या खोऱ्यात आणून टाकली. वाट नेपाळातून होती, तरीही सिक्कीमच्या दरबारची हरकत आली. तेथील लोकांचे ते दैवत. शिखर तुडवले जाऊ नये असे त्यांचे म्हणणे. इव्हान्स यांनी माथ्यापासून थोडे खाली थांबण्याचा शब्द दिला. २५ मे रोजी जॉर्ज बँड व जो ब्राऊन, आणि दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी व टोनी स्ट्रीदर वर पोहोचले. चौघेही शेवटची काही पावले न टाकता परतले. त्याच दिवसांत तळावर पेमी दोर्जे हा शेर्पा आजारी होऊन मरण पावला. १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या लष्करी मोहिमेने झेमूच्या बाजूची, बावरला न मिळालेली सोंड चढून शिखर गाठले, तेव्हाही शब्द पाळला गेला. सिक्कीमच्या बाजूने शिखरावर चढण्यास आता मनाईच आहे.

यानंतर दार्जिलिंगचा बाजार ओसरला. नेपाळची दारे १९४९ नंतर उघडली, मोहिमा काठमांडूहून निघू लागल्या. १९५४ मध्ये दार्जिलिंगात पर्वतारोहण संस्था निघाली आणि तेनझिंग तेथे शिक्षक झाले, पण भरतीची रांग पुन्हा लागली नाही. चीनच्या युद्धानंतर उत्तर सिक्कीम सरहद्दीच्या कायद्यांत बंदिस्त झाले. झेमूच्या कडेच्या ग्रीन लेक या कुरणापर्यंत जाणाऱ्यास आजही निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या मिळवाव्या लागतात. नेपाळने आपली बाजू परदेशी पदयात्रींना खुली केली ती १९८८ मध्ये, आणि १९९७ मध्ये तेथे संरक्षित क्षेत्र घोषित झाले. हिमालयन क्लबचे कार्यालय दिल्ली-कलकत्त्याकडून मुंबईस आले, आणि शेर्पांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या संस्थेचे वार्षिक ‘हिमालयन जर्नल’ अनेक वर्षे मुंबईत संपादित होत आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली यालुंगच्या बाजूने गेली आणि १५ मे २०१९ रोजी तिचे दहा गिर्यारोहक शिखरावर पोहोचले.

आज पांगपेमाला जाण्याचा बेत आखणाऱ्याला छप्पन्न माणसे लागत नाहीत. भद्रपूरपर्यंत विमान, तेथून ताप्लेजुंगपर्यंत मोटार, पुढे रस्ता जेथवर खोदला गेला असेल तेथवर जीप, आणि मग पायांची मजल. घुंसा साधारण ३,४०० मीटरांवर. तेथे एक दिवस थांबून शरीराला हवेची सवय करून घ्यावी, पुन्हा कांबाचेनला थांबावे, ल्होनाकला ४,७०० मीटरांपलीकडे रात्र काढून मग पांगपेमा पाहून परतावे, आणि धडधाकट असल्यास सेलेलेच्या खिंडींवरून यालुंगकडे उतरून दुसराही पायथा पाहावा. एवढ्याला सुमारे तीन आठवडे धरावेत. कालावधी लांब धरला आहे तो मुद्दाम. जुन्या मोहिमांत हमाल थकत म्हणून मजला आखूड असत, आणि त्यामुळे साहेबांची फुप्फुसे नकळत उंचीला सरावत. आता ओझे हलके झाल्याने घाई करता येते, आणि घाईची शिक्षा डोकेदुखीने सुरू होते. प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना काठमांडूतून नोंदणीकृत संस्थेमार्फत काढावा लागतो.

तांदळाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, तो यात्रेकरूच्या वहीतून निघून वाटेवरच्या घरधन्याच्या वहीत गेला आहे. घुंसाच्या वर जे काही शिजते ते याकच्या किंवा माणसाच्या पाठीवरून आलेले असते आणि त्याची हमाली भाताच्या किमतीत धरलेली असते, म्हणून प्रत्येक मुक्कामाला ताट महागते. ल्होनाकला त्या किमतीवर घासाघीस करणारे लोक असतात. घरधनी त्यांचे ऐकून घेतो, आणि दर तोच ठेवतो.